मोटारसायकल घ्या, पण पायाचे माप घेऊन

कापडाच्या व्यापाऱ्याने मोटारसायकलवर लिहावे हे काही वाचकांना विचित्र वाटेल. पण आपल्या लोकांचा धंदा आज ज्या वाहनावर चालतो ते वाहन मोटारसायकलच आहे. मालेगावच्या गल्लीबोळांतून सुताचे कोन नेणारा, यंत्रमागावरून कोरे कापड उचलून आणणारा, सटाणा-नांदगावच्या बाजाराला लुंगी-साड्यांचा गठ्ठा घेऊन जाणारा, नळाचे काम करणारा, वेल्डिंगवाला, पाव-अंडी पोहोचवणारा, सगळे तिच्यावरच. टेम्पो परवडत नाही आणि गल्लीत शिरतही नाही.

गाडी घेताना आम्ही काय पाहतो? मायलेज, हप्ता, जुन्या गाडीचे किती मिळणार, आणि शेवटी रंग. जो माणूस ती चालवणार त्याचा पाय जमिनीला कुठवर पोहोचतो हे आम्ही पाहत नाही. ही चूक आम्ही स्वतः केलेली आहे. तिची किंमत मात्र आम्ही नव्हे, आमच्या दुकानातल्या माणसाने मोजली. म्हणून हा लेख.

२०१९ सालच्या ईदेच्या हंगामात दुकानासाठी आम्ही एक नवी मोटारसायकल घेतली. शोरूममध्ये आमच्या थोरल्या मुलाने बसून पाहिली. तो पाच फूट नऊ इंच. "अब्बा, मस्त आहे" म्हणाला आणि आम्ही पैसे भरले. गाडी चालवणार होता आमच्याकडे पंधरा वर्षे काम करणारा एक माणूस, उंची जेमतेम पाच फूट दोन इंच. त्याला आम्ही विचारलेच नाही. आठव्या की नवव्या दिवशी मोसम पुलाच्या अलीकडे चढावर गाड्या थांबल्या, त्याने डावा पाय टेकायला खाली सोडला, पाय हवेतच राहिला, आणि मागच्या पस्तीस किलोच्या गठ्ठ्यासकट गाडी डावीकडे कलंडली. मनगट मोडले. चार ताके गटारात गेले. आम्ही दवाखान्यात पोहोचलो तेव्हा तो मालाबद्दल माफी मागत होता. आम्ही विचारले, "गाडी उंच होते हे आधी का सांगितले नाही?" तो म्हणाला, "सेठ, तुम्ही हौसेने नवी गाडी घेतलीत. पाय पुरत नाही हे कसं सांगू?"

सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये होता. पगार आम्ही दिला, औषधपाणी केले. ते सांगण्यासारखे नाही, द्यायलाच हवे होते. पण "कसं सांगू" हे त्याचे शब्द आमच्या डोक्यातून गेले नाहीत. मालकाने गाडी घ्यायची आणि नोकराने ती निमूट चालवायची, ही रीत किती दुकानांत असेल याचा वाचकांनीच हिशेब करावा.

त्यानंतर आम्ही या विषयाच्या मागे लागलो. मिस्त्री, सीट बनवणारे कारागीर, शोरूमवाले, सगळ्यांना विचारले, टेप घेऊन दहा-बारा गाड्या स्वतः मोजल्या. आयुष्यभर माप घेण्याचाच धंदा केला आहे, तेव्हा माप घ्यायला लाज कसली?

पहिली गोष्ट कागदावरच्या आकड्याची. कंपनी पत्रकात सीटची उंची मिलिमीटरमध्ये देते. हिरो स्प्लेंडर प्लसची ७८५, म्हणजे ३१ इंचांना थोडी कमी. बजाज प्लॅटिना १०० ची ८०७, म्हणजे पावणेबत्तीस इंचांच्या जरा वर. रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० ची ८०५, मिटिऑर ३५० ची ७६५, बजाज अ‍ॅव्हेंजरची ७३७, म्हणजे २९ इंच. दुसऱ्या टोकाला हिरो एक्सपल्स २०० फोर-व्हीची ८२५ आणि तिच्याच प्रो गाडीची ८९१, म्हणजे ३५ इंच. आमच्या माणसाला त्या शेवटच्या गाडीवर चढायला पाटच लागला असता.

आता यात गंमत पाहा. प्लॅटिना आणि क्लासिक यांच्या सीटच्या उंचीत फक्त दोन मिलिमीटरचा फरक, तोही क्लासिकच्या बाजूने कमी. म्हणजे कागदावर दोन्ही सारख्याच. पण प्लॅटिना सुमारे ११७ किलोची आणि क्लासिक १९५ किलोची. ११७ किलोची गाडी थोडी कलली तर चवड्याच्या जोरावर सावरता येते. १९५ किलोची कलली की चवडा उपयोगाचा नाही, टाच टेकलेली हवी. तेव्हा उंची आणि वजन ही जोडीने वाचायची गोष्ट आहे. कापडात नुसता पन्हा विचारून भाव ठरवत नाहीत, सूत आणि वजनही पाहतात, तसेच हे.

दुसरी गोष्ट माणसाच्या मापाची. २०१६ साली उंचीविषयी एक जागतिक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात १९९६ साली जन्मलेल्या भारतीय पुरुषांची सरासरी उंची सुमारे १६५ सेंटिमीटर दिली आहे, म्हणजे पाच फूट पाच इंच. आणि स्त्रियांची साधारण १५२-१५३, म्हणजे पाच फूट. सरासरी म्हणजे निम्म्याच्या आसपास लोक त्याहून बुटके. पण गाडीसाठी उंची हे माप मुळात चुकीचे. दोन माणसे पाच फूट पाच इंचांची असली तरी एकाचे धड लांब आणि पाय आखूड, दुसऱ्याचे उलटे. आपल्या दर्जी बांधवांना हे सांगायला नको. पाच फूट पाच इंचांच्या दोन गिऱ्हाइकांच्या पँटची आतली लांबी दोन-दोन इंचांनी वेगळी निघते.

माप घ्यायची रीत अशी. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभे राहावे, पाय थोडे फाकवावेत. जाड पुठ्ठ्याची वही मांड्यांच्या मध्ये घालून वर घट्ट दाबावी, जशी सीट दाबते तशी. वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावावा. हे झाले पायाचे खरे माप. पँटची आतली लांबी सांगून भागत नाही, कारण पँट घोट्याच्या आसपास संपते आणि वर थोडी सैल असते. खरे माप तिच्याहून इंच-दोन इंच जास्त येते. पाच फूट पाच इंचांच्या माणसाचे हे माप साधारण साडेएकोणतीस इंच भरते. आमच्या माणसाचे २८ आले.

आता वाचक म्हणतील, २८ इंचांचा पाय आणि ३१ इंचांची सीट, मग तर निम्मी मालेगावनगरी हवेतच लटकायला हवी. तसे होत नाही, कारण पायात चप्पल-बूट असतो, त्याचा इंचभर मिळतो, आणि माणूस बसला की मागचा शॉकअप व फोम दबून सीट खाली येते. आम्ही मोजले तेव्हा साठ-पासष्ट किलोच्या माणसाने १०० सीसीची गाडी इंचभर खाली गेली, जुन्या गाडीत त्याहून थोडी अधिक. म्हणून कागदावर तीन इंच कमी पडणारा माणूस प्रत्यक्षात चवड्यांवर उभा राहू शकतो. पण जे शॉकअप देतो ते सीटची रुंदी काढून घेते, आणि हे कुठल्याच पत्रकात छापलेले आम्हाला दिसले नाही.

रुंदीचे असे आहे. पाय सीटच्या मधून खाली जात नाही, तो सीटच्या कडेवरून वळून खाली जातो. टाकीजवळ सीट जितकी रुंद तितकी मांडी बाहेर फाकते आणि पाय तितका आखूड होतो. एकाच उंचीच्या दोन सीटा घ्या, एक टाकीपाशी निमुळती आणि दुसरी पाटासारखी. पहिलीवर ज्याची टाच टेकते त्याचे दुसरीवर बोटच टेकेल. ओळखायची सोपी युक्ती आम्हाला एका कारागिराने सांगितली. सुतळी घ्यावी, एका बाजूच्या जमिनीपासून वर न्यावी, सीटवर माणूस जिथे बसतो तिथून ओलांडून दुसऱ्या बाजूच्या जमिनीपर्यंत सोडावी. सुतळीच्या लांबीचे निम्मे करावे आणि ते पायाच्या मापाशी ताडून पाहावे. यात उंची आणि रुंदी दोन्ही आल्या. पत्रकातल्या आकड्यापेक्षा ही सुतळी खरी बोलते. स्कूटरचेही असेच. कागदावर ती मोटारसायकलपेक्षा बुटकी, पण तिची सीट रुंद आणि पाय ठेवायची पाटीही रुंद, म्हणून पाच फुटांच्या मुलीचा पाय तिच्यावरही कमी पडतो. कॉलेजला जाणाऱ्या मुलीसाठी गाडी घेताना बाप आणि भाऊच बसून पाहतात, हेही आम्ही पाहिले आहे.

शोरूममध्ये आणखी एक फसगत होते. गाडी डबल स्टँडवर उभी असते आणि आपण तिच्यावर बसून पाहतो. डबल स्टँडवर मागचे चाक उचललेले असते, सीट मुळापेक्षा उंच असते. उलट साइड स्टँडवर कललेल्या गाडीवर बसले की डावा पाय आरामात टेकतो आणि गाडी बुटकी वाटते. दोन्ही खोटे. स्टँड काढून, गाडी दोन चाकांवर सरळ उभी करून, रोजची चप्पल पायात घालून बसले पाहिजे.

आणि फरशीवर बसून पाहणेही अर्धेच. आपल्याकडे रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात आणि रस्ता कडेला उतरता असतो, म्हणजे थांबताना जो डावा पाय खाली येतो त्याच्याखालची जमीनच इंच-दोन इंच खोल असते. उजवा पाय मागच्या ब्रेकवर ठेवावा लागतो, चढावर तर ठेवावाच लागतो. (जुन्या बुलेटला गियर उजवीकडे आणि ब्रेक डावीकडे असे, आमच्या वडिलांच्या वयाचे लोक तिला उजवा पाय टेकून थांबत. ते दिवस गेले.) म्हणून बुटक्या माणसाने दोन्ही पायांचे चवडे टेकवण्याची धडपड करू नये. थांबताना बैठक थोडी डावीकडे सरकवावी, डावा पाय पूर्ण टेकवावा, उजवा ब्रेकवर ठेवावा. एक पूर्ण पाय दोन चवड्यांपेक्षा भरवशाचा. हे आम्हाला पन्नाशी उलटल्यावर कळले, आमच्या माणसालाही अपघातानंतरच कोणी शिकवले.

पण व्यापाऱ्याचा खरा प्रश्न मालाचा आहे. मोटारसायकलवर किती माल लादावा हा वेगळा विषय, आणि त्यात आम्हीही धुतल्या तांदळासारखे नाही. कॅरिअरवर दोन फूट उंच गठ्ठा बांधला की मागून पाय फिरवून गाडीवर बसता येत नाही. टाकी आणि गठ्ठा यांच्या मधल्या फटीतून पाय वर उचलून पलीकडे टाकावा लागतो. लांब पायाच्या माणसाला हे काहीच वाटत नाही. आखूड पायाचा माणूस त्या क्षणी एका पायावर उभा, एक पाय अडकलेला, आणि गाडी त्याच्या हातात. किती गाड्या चालताना नव्हे तर अशा चढता-उतरताना पडतात हे कुठल्याही मिस्त्रीला विचारा. वाकडे लिव्हर आणि मोडके आरसे बदलून देणारा तोच असतो.

गठ्ठा माणसाला पुढेही ढकलतो. तो टाकीला चिकटून बसतो. तिथे सीट निमुळती असेल तर बरे, नाहीतर पाय आणखी फाकतात. मागे वजन वाढले की पुढचे चाक हलके पडते. शॉकअप बसतो, त्यामुळे सीट खाली येते खरी, पण ती खाली येणे कामाचे नाही. हँडल सैल लागते, दिव्याचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. मालासाठी शॉकअपच्या खाचा कडक करायच्या असतात. स्प्लेंडरला मागे पाच खाचा दिलेल्या आहेत, पण त्या फिरवलेल्या गाड्या आम्ही क्वचित पाहिल्या. कडक केल्या की गाडी वजनासह नीट चालते, आणि सीट पुन्हा वर जाते. म्हणजे मोकळ्या गाडीवर बसून घेतलेले माप लादलेल्या गाडीला लागू पडत नाही. चोवीस तासांतले दहा तास गाडी जशी चालणार तशीच लादून तिच्यावर बसून पाहिले पाहिजे. शोरूमवाला हसेल. हसू द्या.

मग ज्याची गाडी आधीच घेतलेली आहे आणि पाय पुरत नाही त्याने काय करावे? इथे आमच्या शहरातले, आणि धुळे, भिवंडी, औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) सारख्या शहरांतलेही सीट-कुशनवाले कारागीर कामाला येतात. त्यात आपले लोक पुष्कळ. रिक्षाचे हूड आणि गाड्यांच्या गाद्या करता करता त्यांनी हा हुनर कमावला आहे, कुठल्या शाळेत नव्हे. आमच्या गाडीची सीट ज्यांनी बसवली त्या चाचांच्या दुकानात आम्ही एक अख्खी दुपार बसलो आणि त्या दुपारी जे पाहिले ते इथे सांगतो.

त्यांनी आधी गाडीला हात लावला नाही. आमच्या माणसाला गाडीवर बसवले, मागे गठ्ठाही बांधायला लावला, आणि त्याची मांडी सीटला जिथे घासते तिथे दोन्ही बाजूंनी खडूने रेघा ओढल्या. कापडावर खडू आम्ही रोज पाहतो, रेग्झिनवर पहिल्यांदा पाहिला. मग सीट काढली, उलटी केली, पिना एकेक उपसून रेग्झिन सोडवले. खाली फोम आणि त्याच्याखाली प्लास्टिकचा पत्रा. जुन्या गाड्यांना लोखंडी असे. चाचा म्हणाले, "सेठ, सगळे म्हणतात वरून कापा. मी आधी बाजूने कापतो." टाकीजवळच्या दोन्ही कडा त्यांनी लांब पात्याने तिरक्या उतरवल्या आणि खरखरीत कागदाने घासून गोल केल्या. उंची तसूभर कमी केली नाही, तरी माणूस पुन्हा बसला तेव्हा जवळजवळ अर्धा इंच जमीन जवळ आली होती. त्यानंतर वरून, फक्त बसण्याच्या जागी, पाऊण इंच फोम काढला. त्याहून अधिक काढायला ते तयार झाले नाहीत. "पत्र्यावर दोन इंच फोम राहिलाच पाहिजे. नाहीतर पाय जमिनीला लागेल आणि कंबर डॉक्टरकडे जाईल." काढलेल्या जागी बारीक, दाट फोमचा पातळ थर दिला, त्यावर पाणी जाऊ नये म्हणून प्लास्टिकचा कागद, मग नवे रेग्झिन, मधोमध शिवण न घेता, कारण बैठकीच्या जागी शिवण असली की पावसाचे पाणी तिथूनच आत जाते आणि फोम स्पंजासारखा भिजून राहतो. बैठक पुढे उतरती होणार नाही याची त्यांनी दोनदा खात्री केली. उतरती झाली की ब्रेक मारताच माणूस टाकीवर घसरतो.

सव्वा इंचाच्या आसपास फरक पडला. आमच्या माणसाचा डावा पाय टाचेपर्यंत टेकला. मजुरी आणि माल मिळून त्यांनी त्या वेळी आठशे रुपये घेतले. शोरूममध्ये गाडी घेताना लेगगार्ड, सीट कव्हर आणि नंबरप्लेटची पट्टी याला आम्ही याहून अधिक दिले होते.

चाचांची एक सूचना व्यापारी बुद्धीची आहे. मूळ सीट कापू नये. भंगार बाजारातून त्याच गाडीची जुनी सीट आणावी आणि ती कापावी. गाडी विकताना मूळ सीट लावून द्यावी, भाव पडत नाही.

आता या कारागीर बांधवांविषयी आमची तक्रारही आहे, ती स्पष्ट बोलतो. पुष्कळ जण नजरेने कापतात. माप लिहून ठेवत नाहीत, पावती देत नाहीत, आणि काम बिघडले की गिऱ्हाईक व कारागीर दोघांकडेही सांगायला काही नसते. दर्जी वही ठेवतो. सीटवाल्याने का ठेवू नये? पायाचे माप, चपलेची जाडी, मोकळी की लादलेली, आधीची उंची, नंतरची उंची, इतकेच पाच आकडे. ज्याच्या वहीत दोनशे गाड्यांचे आकडे जमतील त्याच्याकडे नाशिक-पुण्याचे शौकीन तरुण आपल्या महागड्या गाड्या घेऊन येतील आणि तो सांगेल ती मजुरी देतील. आणखी एक. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२३ प्रमाणे मागे बसणाऱ्यासाठी हाताने धरायची सोय, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागच्या चाकात कपडे अडकू नयेत म्हणून आडोसा असावा लागतो. सीट छाटताना कोणी मधला पट्टा कापतात, कॅरिअर बसवताना साडीगार्ड काढून टाकतात. बुरखा असो, साडी असो की ओढणी, चाकात गेली की काय होते हे लिहायला नको. ते काढू नये.

काही मिस्त्री सोपा मार्ग सांगतात: दुसऱ्या गाडीचा बुटका शॉकअप टाका, किंवा स्प्रिंगच कापा. यापासून दूर राहावे. मागून गाडी खाली गेली आणि पुढून तशीच राहिली की हँडल जड व सुस्त वळते, दिवा आभाळाकडे जातो. साइड स्टँड तितकाच लांब राहतो, त्यामुळे उभी केलेली गाडी जवळजवळ सरळ राहते आणि कोणी धक्का दिला की उजवीकडे पडते. डबल स्टँडवर घ्यायला दुप्पट जोर लागतो. गतिरोधकावर सायलेन्सर घासतो. शिवाय गाडीच्या मूळ बनावटीत फेरफार करण्याला १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अटकाव आहे, विमा कंपनीही अपघातानंतर हेच बोट दाखवू शकते.

उंच लोकांचेही दुखणे आहे, थोडक्यात सांगतो. आमचा धाकटा भाऊ सहा फूट. त्याचा पाय टेकण्याचा प्रश्न नाही, पण फूटरेस्ट ते सीट हे अंतर त्याला कमी पडते. गुडघे दुमडलेले राहतात, वळताना हँडल गुडघ्याला लागते, धुळ्याला जाऊन आला की अर्धा तास पाय झटकत बसतो. त्याच्यासाठी त्याच चाचांनी सीटवर दीड इंच कडक फोम चढवला. फूटरेस्ट खाली घेऊ नयेत, वळणावर जमिनीला लागतात.

आता कंपन्यांविषयी. बीएमडब्ल्यूची आर १२५० जीएस लाखो रुपयांची गाडी होती, तिची सीट ८५० आणि ८७० मिलिमीटर अशा दोन उंचींवर बसत असे. २०२३ च्या अखेरीस आलेल्या रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४५० ची सीट ८२५ वरून ८४५ वर नेता येते, आणि वेगळी घेतली तर ८०५ ची बुटकी सीटही मिळते. म्हणजे हे तंत्र आकाशातले नाही. आपल्याच देशात, आपल्याच कारखान्यांत होते. मग जी १०० सीसीची गाडी सर्वांत जास्त खपते, जिच्यावर मालकापेक्षा नोकर अधिक बसतो, जिच्यावर एकाच घरातला बाप, मुलगा आणि भाचा आळीपाळीने बसतात, तिला एकच सीट का? महाग गाडीचा गिऱ्हाईक हौसेसाठी फिरतो. त्याचा पाय टेकावा म्हणून दोन सीटा. स्वस्त गाडीचा माणूस रोज शंभर वेळा थांबतो. त्याच्या पायाचा विचार नाही. रेडीमेड पँट एकाच लांबीत येते हे आम्हाला माहीत आहे, पण खाली दुमडून शिवायला दोन इंच कापड तरी ठेवलेले असते. निदान बुटकी सीट वेगळी विकायला ठेवावी, आणि पत्रकात उंचीच्या शेजारी टाकीजवळची रुंदी छापावी, एवढे तर अवघड नाही. डीलरकडे आपल्या व्यापारी संघटनांनी एकत्र जाऊन हे मागावे. दहा-दहा गाड्या घेणारे आपल्यात आहेत, त्यांचे कोणी ऐकून घेईल.

२०२३ साली दुकानासाठी दुसरी गाडी घ्यायची वेळ आली. या वेळी आम्ही त्याच माणसाला पुढे केले, खिशात टेप आणि सुतळी, आणि रिक्षात तीस किलोचा गठ्ठा. शोरूममधल्या पोरांनी एकमेकांकडे पाहिले. एकाने विचारले, "चाचा, गाडी घ्यायची की साडी विकायची?" आम्ही म्हटले, "दोन्ही." आमच्या माणसाने तीन गाड्या स्टँडवरून उतरवल्या, गठ्ठा बांधला, बसला, उतरला, पुन्हा बसला. दोन नाकारल्या, त्यातली एक आम्हाला फार आवडली होती आणि तिच्यावर सूटही होती. तिसरी त्याने घेतली, आणि तिचीही सीट चाचांकडे नेऊन पुढून निमुळती करून घेतली. ती गाडी आजही दुकानासमोर उभी असते. रंग आम्हाला अजून पसंत नाही.